हातचं राखून

सीडर फोर्कमध्ये कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. असा काही कायदा नाही, अलाबामाच्या कुठल्या कोर्टात तसं लिहिलेलं नाही. पण रिकामं भांडं शेजारणीच्या हातात ठेवून तर बघा, पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल. म्हणून तर ओथा स्टॉलवर्थच्या जेवणाच्या टेबलावर एप्रिलपासून एकोणीस भांडी तशीच पडून होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. त्याची बायको व्हर्लीन गेली तेव्हा आलेली ती भांडी. कुणी तळलेली कोंबडी आणली, कुणी चवळी, कुणी खारवलेल्या मांसाबरोबर शिजवलेली पालेभाजी. चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग माणसं गेली, भांडी राहिली.

आता ती परत करायची तर त्यात घालायचं काय? ओथा चौऱ्याहत्तर वर्षांचा गडी, सगळं आयुष्य लाकूडकापणीच्या गिरणीत गेलेलं. स्वयंपाकघरात त्यानं कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. वर्षातून एकदा, ऑगस्टात, व्हर्लीन हाक मारायची, "ओथा, ये इकडे, ढवळ!" तेवढं तो ढवळून द्यायचा. पण त्याला तो काही स्वयंपाक म्हणत नसे. लाकडाचा चमचा फिरवायला अक्कल लागते होय?

आणि ऑगस्ट आलाच होता. ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारी गावाचं होमकमिंग. डेट्रॉइट, शिकागो, कुठं कुठं पोटामागे गेलेली माणसं त्या दिवशी चर्चला परत येतात, आणि प्रार्थना झाली की पेकनच्या झाडांखाली लांबलचक टेबलं मांडून सगळं गाव जेवतं. त्या टेबलाच्या डाव्या टोकाला, कोपऱ्यावर, एकेचाळीस वर्षं व्हर्लीनचा कॅरमल केक असायचा. चार थरांचा, वरून जुन्या पितळेच्या रंगाचं कॅरमल. लोक आधी केक खायचे आणि मग जेवायचे. मुलांना तसं करू देत नसत, पण मोठ्यांना कोण अडवणार!

जुलैच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या बायकांची बैठक बसली. कोण काय आणणार ते ठरत होतं. ओथा मागच्या बाकावर हातात टोपी घेऊन बसला होता, कारण घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न त्याला दर रविवारी पडायचा.

"व्हर्लीनच्या जागी यंदा पांढरी फुलं ठेवू," रेव्हरंडसाहेब म्हणाले. "आठवण म्हणून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्पना चांगलीच होती, वाईट काय होतं तिच्यात? पण ओथाला पुढचं सगळं दिसायला लागलं. यंदा फुलं. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यावर कुणाचा तरी नारळाचा केक. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारणारसुद्धा नाही की इथं आधी काय असायचं. मूलबाळ झालं नव्हतं त्यांना. चर्चमागे एक दगड आणि टेबलाचा हा कोपरा, एवढंच काय ते व्हर्लीनच्या नावावर उरलेलं.

"फुलं कसली?" तो उठून उभाच राहिला. "फुलं खायची आहेत का कुणाला? केक येईल."

मग तिसऱ्या बाकावरून अर्नेस्टिन मोब्लीचा आवाज आला. ही त्याच्या समोरच्याच घरात राहणारी. शाळेच्या मुलांचं जेवण रांधण्यात हिची तीस वर्षं गेली, आणि जीभ अशी की पातेलं घासायला काथ्या नको.

"आणि करणार कोण तो? तू?" ती वळलीसुद्धा नाही. "ओथा स्टॉलवर्थ, पाणी उकळलं की नाही हे विचारायला तू रस्ता ओलांडून माझ्या दारात येशील."

हसू फुटलं सगळ्यांना. ओथाही हसला. पण बोलला ते बोलला. "मीच करणार," म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून बाहेर पडला. दिवस उरले होते चौदा.

घरी आल्यावर त्यानं व्हर्लीनचा कृतींचा डबा उघडला. पत्र्याचा, वर कोंबडा रंगवलेला. कॉर्नब्रेडचं कार्ड होतं, लोणच्याचं होतं, खोकल्यावरच्या काढ्याचंसुद्धा होतं. कॅरमल केकचं नव्हतं. असणार कसं? जे हाताला ठाऊक ते कागदावर कोण लिहितं? मग त्याला आठवलं, चर्चनं मागे एक पुस्तक छापलं होतं, गावच्या बायकांच्या कृतींचं. शोधलं. सापडलं. पान बावन्न, 'कॅरमल केक, सौ. व्हर्लीन स्टॉलवर्थ'. झालं की काम!

काम कसलं झालं! त्यानं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम मोजून मापून केक केला. थर निघाले ते कोरडे ठक्क, सुरी घातली तर भुगा. आणि वरचं कॅरमल? ते केकवर थांबेचना. केकवरून ताटलीत आलं, ताटलीतून टेबलावर, टेबलावरून थेंब थेंब खाली. ओथा खुर्चीत बसून ते बघत राहिला. मांजरानं तेवढं आवडीनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक काचेचा वाडगा उचलला, बुडाला 'ओझेला टेट'. परसात भेंडी मातली होती, तीच वाडगा भरून तोडली. न शिजवलेली का असेना, वाडगा रिकामा तर नव्हता. मिस ओझेला गावातली सगळ्यांत थोरली बाई, वय एक्याण्णव, डोळे गेलेले पण कान आणि नाक शाबूत. ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसली होती.

"भेंडी," त्यानं पायरीवर पाय ठेवायच्या आधीच ती म्हणाली. "आणि करपलेल्या साखरेचा वास. म्हणजे ओथा."

"मिस ओझेला, पुस्तकातलं सगळं तसंच्या तसं केलं हो मी," ओथानं तक्रार मांडली. "एक चमचा इकडचा तिकडे केला नाही. तरी माती झाली."

म्हातारी हसायला लागली ती इतकी की खुर्ची करकरली. "छापलेल्या पुस्तकात खरी कृती? अरे लेकरा, चौऱ्याहत्तर वर्षं तू या गावात काढलीस की झोपा काढल्यास? इथली कुठली बाई अख्खी कृती देते? मागितली तर नाही म्हणायचं नाही, ते वाईट दिसतं. द्यायची. हसून द्यायची, सुवाच्य अक्षरात द्यायची. पण हातचं राखून! एक काहीतरी गाळायचं. मग ती करणार, बिघडवणार आणि म्हणणार, 'बाई बाई, तुझ्या हाताची चवच वेगळी.'"

"म्हणजे व्हर्लीनपण..."

"व्हर्लीन तर आमची राणी होती त्यात! आणि मी काय साधी? माझ्या लिंबाच्या केकमधली साल मी तिला कधी सांगितली नाही. मरेपर्यंत शोधत होती बिचारी." मिस ओझेलानं डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, ते ओथानं विचारलं नाही. "आत जा, बायबलच्या शेजारी डबा आहे. तिनं मला दिलेलं कार्ड काढ नि वाच."

त्यानं वाचलं. व्हर्लीनच्या अक्षरावरून आधी बोट फिरवलं, मग वाचलं. या कार्डात दोन जादा बलक होते, पुस्तकात नव्हते. पुस्तकात मूठभर साखर बिडाच्या तव्यात वेगळी जाळून घ्यायला सांगितलं होतं, या कार्डात त्याचा पत्ता नव्हता.

"दोन्ही मिळून एक होईल की नाही?" ओथाचा चेहरा उजळला.

"केक होईल. पण कॅरमल ढवळायचं किती? काय लिहिलंय?"

"'घट्ट होईपर्यंत.'"

"हं. ते सगळ्यांनाच तसं लिहायची. अर्धं मिनिट कमी, तर ओघळतं. अर्धं मिनिट जास्त, तर दगड. ती गोष्ट तिनं कुणाला दिली नाही." म्हातारीनं भेंडी चाचपून पाहिली, एक मोडून तिचा वास घेतला. "पूर्ण कृती द्यायची ती पोटच्या पोरीला, नाहीतर पाठच्या बहिणीला. व्हर्लीनला ना पोरगी, ना बहीण. ढवळायचं माप तिच्याबरोबरच गेलं म्हणायचं. हां, एक कार्ड अर्नेस्टिनकडे असेल. मागितलं होतं तिनं, नवरा आला नाही त्या उन्हाळ्यात."

अर्नेस्टिनचा नवरा ल्यूशियस. तो कामाला म्हणून शिकागोला गेला, दर होमकमिंगला येतो येतो म्हणत राहिला, आणि एका वर्षी पत्रंही थांबली. त्याला तेवीस वर्षं झाली होती. त्याचा विषय गावात कुणी तिच्यासमोर काढत नसे. हिंमत कुणाची!

ओथानं अर्नेस्टिनचं निळं मोठं भांडं घेतलं, टोमॅटोंनी भरलं आणि रस्ता ओलांडला.

"टोमॅटो?" तिनं जाळीच्या दाराआडून बघितलं. "माझ्या परसात काय वांझ माती आहे?"

"अर्नेस्टिन, व्हर्लीननं तुला केकचं कार्ड दिलं होतं म्हणे."

तिनं कडी काढली. मग दार फटीएवढं उघडून भांडं तेवढं आत ओढलं. "चुलीत घातलं मी ते."

"का गं?"

"थट्टा केली होती तुझ्या बायकोनं माझी. नको त्या वर्षी, नको ती थट्टा. देव तिला शांती देवो. पण ती विसरायला मी काही देव नाही. जा आता."

दार बंद. ओथा परत फिरला तो विचार करतच. थट्टा? व्हर्लीन कृतीत हातचं राखायची, कबूल. पण ज्याचं दुखतं त्याच्या दुखऱ्या जागी बोट? तशी नव्हती ती. मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तेवीस वर्षांत अर्नेस्टिननं त्या केकचा तुकडाही घेतला नव्हता. ताटली घेऊन टेबलाच्या डाव्या टोकाशी यायची आणि कोपऱ्याच्या अलीकडूनच परत वळायची. गावाला वाटायचं, तिला गोड चालत नाही.

पुढचे दिवस ओथानं भांडी परत करण्यात घालवले. एकात चवळीच्या सोललेल्या शेंगा, एकात मिरच्या, एकात नुसतेच पीच. प्रत्येक दारात त्याला खुर्ची मिळाली, थंडगार गोड चहा मिळाला, आणि परत निघताना त्याच भांड्यात काहीतरी घालून बायका ते पुन्हा त्याच्याच हातात देऊ लागल्या. "अगं, मी हे परत करायला आलोय!" तो म्हणायचा. "मग कर की परत, पुढच्या आठवड्यात," त्या म्हणायच्या. आपण चार महिने दार लावून का बसलो होतो, हे त्याचं त्यालाच कळेना. ही माणसं होती. सगळी होती. एका रात्री गुडघे टेकून प्रार्थना करताना त्यानं एकेक नाव घेऊन आभार मानले, तर गुडघे आखडले.

पण केकचं कोडं सुटेना. शुक्रवारी त्यानं दुसऱ्यांदा केला. दोन जादा बलक, तव्यात जाळलेली साखर, सगळं. थर असे फुलून आले की त्यानं ओव्हनच्या दारातच टाळी वाजवली. मग आटीव दूध, लोणी, साखर उकळून कढई उतरवली आणि ढवळायला लागला. मागच्या वेळी ओघळलं होतं, म्हणून या वेळी थांबायची छातीच होईना. हात भरून आला, तरी तोंडातून शब्द काढला नाही. व्हर्लीनसाठी करतोय, मग कुरकुर कसली? दात आवळून ढवळत राहिला, ढवळत राहिला, आणि चमचा एकदम थांबला. हलेना. कढई उचलली तर चमच्यासकट उचलली गेली. चमचा उचलला तर कढईसकट.

तो पुढच्या दारी गेला आणि ते सगळं प्रकरण अंगणात भिरकावलं. गिरणीत चाळीस वर्षांत काढले नव्हते तसले शब्द काढले. मग पायरीवर बसला. हरलो, त्याला वाटलं. उद्या रेव्हरंडना सांगायचं, आणा तुमची फुलं.

शनिवारी दुपारी तो तसाच पायरीवर बसला होता. फोन करायचा म्हणून तीनदा उठला होता आणि तीनदा बसला होता. फाटक वाजलं. अर्नेस्टिन. एका हातात कोरी कढई, दुसऱ्या हातात बायबल.

"काल माझ्या खिडकीतून बघितलं मी," ती म्हणाली. "चांगली कढई होती ती."

"फुलं ठेवू दे त्यांना. जमत नाही मला."

"ते दिसलंच." तिनं बायबल उघडलं. आत पिवळं पडलेलं एक कार्ड होतं. "खोटं बोलले मी. जाळलं नाही. राग देवासमोर ठेवावा म्हणतात, म्हणून इथं ठेवलं. तेवीस वर्षं ठेवलं, देवानं काही उचललं नाही. घे, वाच. मोठ्यानं वाच. तुझ्या बायकोनं माझ्यासाठी काय लिहिलंय ते तूच बघ."

ओथानं चष्मा चढवला. दोन जादा बलक, होते. तव्यातली साखर, होती. ताकात घालायचा चिमूटभर सोडा, तो तर पुस्तकातही नव्हता आणि मिस ओझेलाच्या कार्डातही नव्हता. आणि सगळ्यांत खाली:

"'कढई आचेवरून उतरवायची आणि ढवळायचं. ओथा तिसऱ्यांदा कुरकुरेपर्यंत. दुसऱ्यांदा नव्हे हं, तिसऱ्यांदा.'"

"बघितलंस?" अर्नेस्टिनचा आवाज चिरकला. "ल्यूशियस आला नाही त्या उन्हाळ्यात! गावानं मला विचारून विचारून भंडावलं होतं. मला वाटलं, दुसरं काही नाही तर केक तरी नीट येऊ दे आपल्याला. आणि ही बया लिहिते, ओथा कुरकुरेपर्यंत! म्हणजे माझ्याकडे आहे ओथा, तुझ्याकडे कोण आहे कुरकुरायला? असंच ना?"

ओथानं ती ओळ पुन्हा वाचली. मग हसायला लागला. हसता हसता चष्मा काढला, आणि हसता हसताच रडायला लागला, नि दोन्ही थांबेनात. अर्नेस्टिन घाबरली. आत जाऊन पाणी घेऊन आली.

"अगं वेडे," अखेर तो म्हणाला, "हे माप आहे!"

"काय आहे?"

"माप! व्हर्लीन मला ढवळायला बसवायची. एकेचाळीस वर्षं, दर ऑगस्टात. थोडं झालं की मी म्हणायचो, मनगट गेलं माझं. ती लक्षच द्यायची नाही. आणखी थोडं झालं की म्हणायचो, केक करतेस का रस्त्यावर डांबर घालतेस? तरी नाही. आणि तिसऱ्यांदा ओरडलो, व्हर्लीन, हात तुटला गं, की झडप घालून कढई ओढून घ्यायची माझ्या हातातून. मला वाटायचं दया आली तिला." त्यानं डोळे पुसले. "दया कसली! घड्याळ होतो मी तिचं. आणि काल मूर्खासारखा तोंड शिवून ढवळत बसलो."

अर्नेस्टिन पायरीवर बसली. त्याच्या हातून कार्ड घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं.

"पुस्तकात हे बलक होते?"

"नव्हते."

"मिस ओझेलाच्या कार्डात?"

"त्यात जाळलेली साखर नव्हती. सोडा कुठंच नव्हता, आणि ढवळायचं माप कुणालाच दिलं नव्हतं."

"आणि माझ्या..." ती थांबली. "माझ्या कार्डात काय राखलंय तिनं?"

"काही नाही," ओथा म्हणाला. "काहीसुद्धा नाही, अर्नेस्टिन. अख्खी कृती आहे ती."

या गावात अख्खी कृती कुणाला देतात, ते दोघांनाही ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत जो तो हातचं राखणार हे इतकं गृहीत धरलेलं, की कुणी सगळंच्या सगळं देऊन टाकलं तर त्यात टोमणाच दिसला.

"दर होमकमिंगला घरी येताना विचारायची मला," ओथा म्हणाला. "अर्नेस्टिननं खाल्ला का रे? मी म्हणायचो, नाही दिसली घेताना. मग गप्प व्हायची. मला वाटायचं, बायका बायकांतली मानापमानाची गोष्ट आहे, आपण कशाला पडा."

"तोंड होतं ना तिला? मला विचारायचं होतं!"

"तुलाही होतं."

अर्नेस्टिननं बायबल मिटलं. ती उठली, नाक पुसलं, बाह्या वर केल्या. "चल ऊठ. बसून काय राहिलास? चार वाजले."

ऑगस्टची दुपार, त्यात ओव्हन पेटलेला. स्वयंपाकघराची भट्टी झाली होती. अर्नेस्टिन एकेक वस्तू कार्डाशी ताडून घालत होती, आणि तोंडाचा पट्टा चालूच. लोणी असं फेटतात का, अंडं असं फोडतात का, तुला गिरणीत ठेवलं तरी कुणी. चार थर झाले, निवले. कॅरमल उकळलं. कढई उतरवून तिनं ती ओथाच्या पुढ्यात ठेवली.

"ढवळ. आणि कुरकुर."

ओथा ढवळायला लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली. तोंडून शब्द फुटेना. समोर व्हर्लीनचा एप्रन खुंटीला लटकत होता, त्याच्यापुढे तक्रार कुठून निघणार?

"अरे कुरकुर ना!"

"येत नाहीये."

"पुरुषाच्या जातीला कुरकुर येत नाही? ऐकलं नव्हतं बाई आजवर!" अर्नेस्टिननं कमरेवर हात ठेवले. "आणि चमचा असा काय फिरवतोस? ल्यूशियसच्या पत्रासारखा. येतो येतो म्हणतो नि येत नाही!"

तेवीस वर्षांत तिच्या तोंडून त्या नावाची थट्टा ऐकली नव्हती. ओथानं चमकून वर पाहिलं. ती हसत होती.

"मनगट गेलं माझं," तो पुटपुटला.

"एक," अर्नेस्टिन म्हणाली.

कॅरमल जड व्हायला लागलं. घाम नाकावरून खाली आला. "केक आहे का डांबर?"

"दोन. थांबू नकोस."

"थांबतोय कोण! तूच का नाही धरत जरा? नुसती उभी राहून..."

"ते मोजणार नाही मी. ते माझ्यावर आहे. ढवळ."

कॅरमलवरची चकाकी जात चालली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत हाताची नुसती आग होत होती. ओथानं डोळे मिटले, आणि कुठून कोण जाणे, आपसूक तोंडून निघालं, "व्हर्लीन, बस ना गं आता! हात तुटला माझा!"



"तीन," अर्नेस्टिन हळूच म्हणाली, आणि झडप घालून कढई त्याच्या हातातून ओढून घेतली.

तिनं ओतलं. कॅरमल केकच्या माथ्यावर पसरलं, कडेवरून हळूहळू खाली उतरलं आणि जिथं थांबायचं तिथं थांबलं. ओथा खुर्चीत बसला.

रविवारी प्रार्थना संपली. पेकनच्या झाडांखाली टेबलं लागली, डेट्रॉइटच्या गाड्या चर्चच्या अंगणात उभ्या राहिल्या, आणि डाव्या टोकाला, कोपऱ्यावर, पितळेच्या रंगाचा केक ठेवला गेला. रेव्हरंडांच्या हातातली फुलं हातातच राहिली. शेवटी त्यांनी ती व्हर्लीनच्या दगडापाशी नेऊन ठेवली, जिथं फुलं शोभतात.

जेवणाआधी आभाराची वेळ असते. ज्याला ज्याचे आभार मानायचे त्यानं उभं राहून मानावेत. कुणी नोकरीचे मानले, कुणी नातवाचे. ओथानं एकोणीस भांड्यांचे मानले, तेव्हा लोक हसले. मिस ओझेला खुर्चीतून म्हणाली, "आणखी कुणी?"

अर्नेस्टिन उभी राहिली. नेहमी ही बाई आभार मानायला लागली की कोंबडी गार व्हायची. आज तिनं एवढंच म्हटलं, "व्हर्लीननं मला अख्खी कृती दिली होती. काही न राखता. मला ते कळायला तेवीस वर्षं लागली."

आणि ती बसली.

शहरातून आलेल्या पोरांना काही समजलं नाही, ती एकमेकांकडे बघत राहिली. पण गावच्या बायकांना समजलं. एकीनं तोंडाला रुमाल लावला. मिस ओझेलानं आपले न दिसणारे डोळे अर्नेस्टिनच्या दिशेनं वळवले आणि म्हणाली, "म्हणजे तिला बहीण होती तर. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

मग अर्नेस्टिन ताटली घेऊन उठली. डाव्या टोकाकडे निघाली, आणि या वेळी कोपऱ्याच्या अलीकडून वळली नाही. ओथा सुरी घेऊन उभाच होता. तिनं ताटली पुढं केली.

"काप," ती म्हणाली. "आणि हातचं राखू नकोस."